फ्रेशर पाहिजे, अनुभवी असावा

निकाल लागला, पेढे वाटून झाले, आता नोकरी शोधायचीये ना भो, मग नीट ऐक. पहिली गोष्ट म्हणजे तू दोन वर्षं आधीच नोकरीला लागायला पाहिजे होतं. म्हणजे एफवायला असताना, कॉलेजच्याच वेळेत, आणि तेही नेमकं त्याच कामावर ज्याची जाहिरात आत्ता निघालीये. कारण जाहिरातीत वर मोठ्ठं लिहिलेलं असतं 'फ्रेशर्सनी अर्ज करावा' आणि खाली बारीक अक्षरात दोन वर्षांचा अनुभव, टॅली, जीएसटी, ॲडव्हान्स एक्सेल, इंग्रजी उत्तम, स्वतःची टू-व्हीलर. यातली फक्त टू-व्हीलर तुझ्याकडं आहे, ती पण पप्पांची, आणि सकाळी ते ती मळ्यात घेऊन जातात.

आता बायोडाटा. खरं लिहायला गेलास तर अर्ध्या पानात संपेल, म्हणून खरं लिहू नको. गल्लीतल्या गणपतीची वर्गणी गोळा केली असशील तर ते फंड रेझिंग, चुलत बहिणीच्या हळदीला पंगती वाढल्या ते इव्हेंट मॅनेजमेंट. तू रावेर-सावद्याकडचा असशील आणि केळीची कापणी चालू असताना व्यापारी रोज जाहीर होणाऱ्या बोर्डाच्या भावापेक्षा कमी लावत होता, तिथं तू बांधावर उभा राहून त्याच्याशी भांडून भाव वाढवून घेतला असशील, तर ते मात्र लिहू नको. ते खरं काम आहे, एचआर मॅडमला त्यातलं काही कळणार नाही, त्यांना पीपीटी बनवता येते का एवढंच पाहिजे. (आपल्या जळगावच्या विद्यापीठाला 2018 पासून कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आहे, त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. तुझ्या डिग्रीवर नाव त्यांचं, पण त्यांचा स्वतःचा बायोडाटा आज कुठं पाठवला असता तर कॉम्प्युटरनेच पहिल्या फेरीत उडवला असता, शिक्षणाचा रकाना रिकामा म्हणून.)

गावाजवळच बघू म्हणतोस? बघ की. जळगावच्या एमआयडीसीत चटईचे कारखाने आहेत, पाईपचे आहेत, दाल मिल आहेत, जाऊन विचार. लेबरची जागा असते, पण तू बीकॉम आहेस कळलं की शेठ म्हणतो हा टिकणार नाही, आणि ऑफिसात बसायची जागा असते तिथं शेठचा भाचा आधीच बसलेला असतो, तो टिकतो. सराफ बाजारात जायचं तर आधी ओळख पाहिजे, आणि तुझे आजोबा सोनं घ्यायला नाही, मोडायलाच जात होते.

मग सगळे सांगतील पुण्याला जा. नंदुरबार-नवापूरकडचा असशील तर सुरत सांगतील, नवापूरचं तर स्टेशनच अर्धं गुजरातेत आहे, तेवढाच प्रवास कमी. तू महाराष्ट्र एक्सप्रेसच्या जनरल डब्यात बाथरूमजवळ बॅगेवर बसून जा, पहाटे उतर, कॉट बेसिसवर एक कॉट घे, म्हणजे खोली नाही फक्त कॉट, तिचंही डिपॉझिट असतं. मेसची मावशी पहिल्या दिवशी शेवभाजी म्हणून जे वाढेल त्याला शेवभाजी म्हणायचं. मग रोज इंटरव्ह्यू. तिथं एक प्रश्न ठरलेला, पाच वर्षांनी स्वतःला कुठं बघता? पुढच्या महिन्याचं कॉटभाडं कुठून येणार तेवढं माहीत नसलं तरी चालतं, पाच वर्षांनंतरचं मात्र पाठ पाहिजे.

कुणी फोन करून सांगितलं तुमचं सिलेक्शन झालंय, फक्त लॅपटॉपचं डिपॉझिट भरा, तर भरू नको हे मी सांगायला पाहिजे, पण खरं सांगू का, ज्यानं तुला पहिल्यांदा 'सर' म्हटलं तो हाच माणूस असतो. हॉटेलच्या हॉलमध्ये 'बिझनेस अपॉर्च्युनिटी' ऐकायला बोलावणारा कॉलेजचा मित्र तो दुसरा, तो तर चहा पण पाजतो.

आणि स्वतःला बेकार समजू नको. तुझ्यावर किती लोकांचं घर चालतं बघ ना, झेरॉक्सवाला, फॉर्म भरून देणारा सायबर कॅफेवाला, क्लासवाला, अभ्यासिकावाला, ट्रॅव्हल्सवाला. सरकारचंसुद्धा थोडंफार भागतं. 2023 ची तलाठी भरती घे, जागा 4,644, अर्ज 10 लाखांच्या वर, फी खुल्या वर्गाला 1,000 आणि राखीवला 900. सगळ्यांचे 900 च धर आणि कर गुणाकार, बीकॉम आहेस ना. 90 कोटी होतात. एवढे पैसे घरबसल्या जमवून देणारी पोरं रिकामटेकडी कशी?

अनुभवच पाहिजे ना, तर सरकारनं त्याचीही सोय केली. 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, पदवीधराला महिन्याला 10,000, मुदत आधी 6 महिने होती, नंतर वाढवून 11 केली. तू जा, टपाल आवक-जावक कर, साहेबांचा प्रिंटर दुरुस्त कर, सगळ्यांचे ऑनलाईन फॉर्म भर, आणि मुदत संपली की प्रमाणपत्र घेऊन पुण्याच्या कंपनीत जा, ते बघून मॅडम म्हणतील हे तर ट्रेनिंग आहे, अनुभव कुठंय?

गावी आलास की बसस्टँडवरच कुणीतरी विचारणार, "काय करी राह्यना रे भो सध्या?" याला 'शोधतोय' हे उत्तर देऊ नको, 'पुण्याला असतो' म्हण. खोटं पण नाही, आणि लग्नाच्या बाजारात नाव तरी लागतं. तसं पोरीचा बाप पुढं विचारतोच सरकारी आहे का म्हणून, पण तोपर्यंत चहा-पोहे झालेले असतात.

एवढं सगळं करूनही काही झालंच नाही, तर घाबरू नको, तोपर्यंत तू या लाईनमध्ये चांगला मुरलेला असशील. सरळ तालुक्याच्या गावी स्टँडसमोर एक गाळा घे आणि 'हमखास नोकरी मार्गदर्शन' असा बोर्ड लाव, ॲडव्हान्स फी, नो रिफंड. गर्दी होईलच. भिंतीवर पोस्टर चिकटवायला एखादा नुकताच पास झालेला पोऱ्या ठेव, त्याला पगार देऊ नको, सर्टिफिकेट दे.