म्हणे, आजीच्या तोंडी शिवी नव्हती!

साताऱ्यात आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मेसेज आठवड्यात तीनदा आला. मजकूर असा: आज्या-पणज्यांच्या तोंडी शिवी नव्हती, ती मोबाईलनं आणली, पाचशे रुपये दंड लावा, शिवी बंद होते, जगभर असंच झालंय.

आधी आज्या. माझी आजी जेवायला हाक मारायची तीच मुळी "मुडद्या, भाकरी निवली की!" अशी. बरं, ती घरातली गोष्ट. पण खंडाळा तालुक्यातला बोरीचा बार? नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुखेड आणि बोरीच्या बाया ओढ्याच्या दोन काठांवर जमतात आणि वाद्यांच्या गजरात, हातवारे करकरून एकमेकींचा उद्धार करतात. नातवंडं असलेल्या बायाही त्यात. बंदोबस्ताला पोलीस. पाटलाच्या दोन बायकांच्या भांडणातून हे सुरू झालं, असं सांगतात.

मोबाईलचं म्हणाल तर हजारेक वर्षांपूर्वीच्या शिलाहार राजांच्या काळापासूनचे गधेगाळ, म्हणजे शापाचे कोरीव दगड, बघा. दान मोडणाऱ्याच्या आईला गाढव लावणारी शिवी, दगडात, चित्रासकट! वर चंद्र-सूर्य. आणि ही राजाज्ञा.

राहिला दंड. इंग्लंडनं १७४५ साली शिव्याशापांवर दरपत्रकच काढलं: मजूर, शिपाई, खलाशी यांना १ शिलिंग, मधल्यांना २, जंटलमनला ५. मजुराकडं पैसे नसले तर १० दिवस सक्तमजुरी. कायदा वर्षातून चारदा चर्चमध्ये वाचून दाखवायचा. त्यांचा राग मुख्यतः देवाच्या नावानं शपथा वाहण्यावर होता, आयाबहिणींचा प्रश्न नव्हताच. १९६७ मध्ये कायदा रद्द झाला, इंग्रज अजून शिव्या देतातच. आपल्याकडंही चारचौघांत अश्लील बोलून त्रास देणं १८६० च्या भारतीय दंड संहितेपासून गुन्हा आहे; तेव्हाचं कलम २९४, आता भारतीय न्याय संहितेत २९६. एसटी स्टँडवर पाच मिनिटं थांबा, कलमाचा किती धाक आहे ते कळेल.

पाचशेचा आकडा बहुतेक नेवासा तालुक्यातल्या सौंदाळ्याचा. तिथल्या ग्रामसभेनं नोव्हेंबर २०२४ मध्ये ठराव केला, पण तो आई-बहिणीवरून दिलेल्या शिव्यांविरुद्ध. भांडण दोघा बाप्यांचं, आणि नाव तिथं नसलेल्या बाईचं, एवढंच त्यांनी धरलं. ते मला पटतं. मेसेजवाल्यानं नेमकं तेच गाळलं आणि आजीच्या 'मुडद्या'लाही त्याच दावणीला बांधलं.

आणि मेसेजची शेवटची ओळ: "एका बापाचा असशील तर दहा जणांना पाठव." सौंदाळ्यात याला पाचशे बसतात का, विचारून सांगा कुणीतरी.