मे महिन्यातला शेतकरी

माझ्या मुलांपुरता मी गेली काही वर्षं शेतकरी आहे. म्हणजे पोट भरतो ते एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका हुडकून. पण पोरांनी ताटात भात टाकला की माझ्यातला बळीराजा जागा होतो. “एकेक दाणा पिकवायला काय रक्त आटवावं लागतं माहितीय? आम्ही शेतीतली माणसं!” थोरली सात वर्षांची, धाकटा चार. आजवर दोघांनीही सातबारा मागितला नव्हता.

हे असंच निभावलं असतं. पण यंदा आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या डे मॉइनला आली, आणि जुलैतल्या एका शनिवारी ‘मुलांना आपली मुळं कळली पाहिजेत’ असा मला झटका आला. मुळं आमची सोलापूरची, आणि मी गाडी काढली अर्बनडेलच्या लिव्हिंग हिस्टरी फार्म्सकडे. जवळ तेच होतं.

आयोवा स्टेट विद्यापीठातले शेती-अर्थशास्त्राचे प्राध्यापक विल्यम मरे यांनी 1970 साली ही जागा उभी केली. सुमारे 500 एकर. त्यात 1700 सालचं आयोवे या मूळ अमेरिकी जमातीचं शेत, 1850 सालची नव्या वसाहतवाल्यांची शेती, 1900 सालचं घोड्यांवर चालणारं शेत आणि शिवाय 1876 सालचं वॉलनट हिल नावाचं एक आख्खं गाव. त्या त्या काळातले कपडे घातलेली माणसं तिथं खरोखरच नांगरतात, दूध काढतात, चुलीवर रांधतात. आपण तिकीट काढून त्यांना कामं करताना बघायचं.

“पाचशे एकर? नुसतं दाखवायला?” आईनं दोनदा विचारून खात्री करून घेतली. तिचे तीन भाऊ मंगळवेढ्याला नऊ एकरांत नांदतात, आणि नांदतात म्हणजे बांधावरून कोर्टात भेटतात.

आत शिरताच पहिली अडचण आली ती ट्रॅक्टरची. मुख्य दारापासून शेतांपर्यंत लोकांना ट्रॅक्टरच्या गाडीत बसवून नेतात. ही सोय झाली मोठ्यांसाठी. चार वर्षांच्या मुलाच्या दृष्टीनं सहल तिथंच सुरू होऊन तिथंच संपते. धाकट्यानं गाडीचा कठडा धरला तो सोडेच ना. “खाली उतर, पुढं तीनशे वर्षांचा इतिहास आहे,” मी म्हणालो. तो म्हणाला, “इतिहासात ट्रॅक्टर आहे?” मी प्रामाणिकपणे नाही म्हणालो, आणि ती चूक मला पुढचे चार तास खांद्यावर वाहावी लागली.

आयोवे लोकांच्या शेतात झाडांच्या सालींनी शाकारलेल्या झोपड्या होत्या आणि मका, घेवडा, भोपळा एकाच ठिकाणी गळ्यात गळे घालून वाढत होते. आईला तिथं एकदम माहेरी गेल्यासारखं वाटलं. “हे तर आपलंच की सगळं!” मी तिला सांगायला गेलो की उलट आहे, मका, घेवडा, लाल भोपळा ही सगळी अमेरिकेची पिकं, तिकडून आपल्याकडे आली, तुझ्या ठेच्यातली मिरचीसुद्धा इथलीच. आईनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिचा पाटा-वरवंटा उचलून परक्याच्या दारात नेऊन ठेवला.

आयोवातला जुलै म्हणजे काय ते इथं सांगायला हवं. आजूबाजूला मैलोन् मैल मका, आणि तो मका घाम गाळल्यासारखी वाफ हवेत सोडत असतो. आपण त्या वाफेत मोदकासारखे उकडतो. बायकोनं मुलांना तिसऱ्यांदा सनस्क्रीन चोपडलं. थोरलीच्या, पाऊल टाकलं की दिवे लागणाऱ्या बुटांना तोवर चिखल लागला होता. त्यातून लाल उजेड असा पाझरायचा की पायात निखारे घालून चाललीय.

1850 च्या शेतात बैलजोडी दिसली आणि माझी घटका भरली.

तिथला दाढीवाला गडी बैलांना उजवीकडे वळवायला ‘जी’ म्हणत होता आणि डावीकडे वळवायला ‘हॉ’. बैलाला ‘जी’! मला घरात ‘अहो’सुद्धा मिळत नाही. आई मात्र आवाज ऐकत नव्हती, ती जू बघत होती. “शिवळा कुठायत?” आपल्याकडे जुवात दोन्ही बाजूंना शिवळा खोचतात आणि जू बैलाच्या मानेवर, वशिंडाला अडून बसतं. इथं मात्र जुवातून वाकवलेल्या लाकडाचे यू आकाराचे कडे खाली सोडले होते आणि बैलांच्या माना त्यांत अडकवल्या होत्या. आई बैलांना प्रदक्षिणा घालून आली आणि निकाल दिला: “वशिंडच नाही बिचाऱ्यांना. मग जू अडणार कशाला? गळ्यात कडं घालावंच लागणार.” मी पाच वर्षांत तिथं तीनदा येऊन गेलो होतो. बैलाला वशिंड नाही हे मला दिसलंच नव्हतं.

आणि नेमकं त्याच क्षणी थोरलीनं अभिमानानं त्या गड्याला इंग्रजीत सांगितलं, “माझे बाबा भारतात शेतकरी होते.”

गड्याचा चेहरा खुलला. दिवसभर ‘बाथरूम कुठंय’ याचीच उत्तरं देत असावा बिचारा. आता समव्यवसायी भेटला. काय पिकतं तुमच्याकडे? ज्वारी, मी म्हणालो. इथवर ठीक होतं. पेरणी कधी? मी ठोकून दिलं, “जून.” पाऊस जूनमध्ये येतो, म्हणजे पेरणी जूनमध्येच असणार, असा माझा हिशेब.

“काय म्हणाला हा?” आईनं सुनेला विचारलं. सुनेनं सांगितलं. ती हे टाळू शकली असती.

“जूनला? मंगळवेढ्याची ज्वारी रब्बीची. पेरणी होते सप्टेंबर-ऑक्टोबरात, काढणी फेब्रुवारी-मार्चात. ह्याला काय माहिती? हा वाढला सोलापुरात चाळीत. शाळेला सुट्टी लागली की मेमध्ये जायचा मामाकडं. मेमध्ये शेतात काय असतंय? ढेकळं! आंबे खायचा आणि दुपारभर झोपायचा.”

बायकोनं याचंही भाषांतर केलं. शब्दन् शब्द. ‘ढेकळं’ला इंग्रजीत काय म्हणतात यावर ती थोडी अडली, तर त्या गड्यानंच तिला शब्द पुरवला. शेतकरी होता तो, खरा.

मी विषय बदलायला मुलांना 1900 च्या शेतात नेलं. वाटेत थोरली विचारत होती, “बाबा, तू लहान होतास तेव्हा 1850 होतं की 1900?” मी म्हणालो, दोन्ही नव्हतं. तिला ते पटलं नाही. “पण आजीकडे बैल होते ना? मग आजी 1850.” आजीला हे चाललं. उलट ती म्हणाली, “आणि चूल होती, हापसा होता, पाण्याचा बंब तर तुमच्या बाबाच्या चाळीतपण होता.” झालं, माझी रवानगी 1900 मध्ये.

1900 च्या शेतात दांडगे घोडे होते, आणि एक डुकरीण होती जिच्याकडे बघून आईनं “रेडकू आहे का?” असं विचारलं. हापसाही होता. धाकट्याला तो दिसला मात्र, ट्रॅक्टरचं दुःख त्याच्या मनातून धुऊन निघालं. दोन्ही हातांनी दांडा धरायचा, लोंबकळायचं, भळकन् पाणी आलं की खाली पळत जाऊन बुटात धरायचं. एक बूट भरला की दुसरा. मागं सहा मुलांची रांग, त्यांच्या आयांचे चेहरे. मी त्याला उचलून आणला तेव्हा त्याच्या बुटातलं पाणी माझ्या शर्टाच्या खिशात, म्हणजे फोनवर, गेलं. 4 ऑक्टोबर 1979 ला याच जागेवर पोप जॉन पॉल दुसरे आले होते आणि तीन लाखांहून जास्त लोक जमले होते म्हणतात. मला फक्त त्या तीन लाखांतल्या चार वर्षांच्या मुलांच्या बापांना भेटायचंय.

घरात लांब बाह्यांचा झगा घातलेली बाई त्या उकाड्यात लाकडाच्या शेगडीसमोर उभी होती. दुपारच्या जेवणाची वेळ झाली, आणि ती मंडळी टेबलाभोवती बसून जेवू लागली. बटाटे, मटकीएवढा वाटाणा, पाव, वर ‘पाय’ नावाचं गोड पक्वान्न. आम्ही पंधरावीसजण दाराशी उभे राहून बघतोय. आईनं दोन्ही नातवंडांच्या दंडाला धरून त्यांना मागं ओढलं. “कुणी जेवत असताना तोंडाकडं बघत उभं राहू नये.” मी कुजबुजलो, “आई, त्याचेच पैसे दिलेत आपण.” “मग चुकलं,” आई म्हणाली आणि पाठ करून अंगणात जाऊन बसली. शेवटी आम्ही सगळेच पाठ करून बसलो, डब्यातल्या दशम्या काढल्या. थोड्या वेळानं मागं वळून बघतो तर काही पाहुणे घरातल्यांना सोडून आमच्याकडे बघत होते.

त्यानंतर धाकट्याला लागली. आधुनिक स्वच्छतागृहं होतीच, पण त्यानं शेतातली लाकडी खोपटी बघितली होती, बाकड्याला भोक पाडलेली. त्याला तिथंच जायचं होतं. “ते बघायचंय, बसायचं नाही,” मी म्हणालो. “मग इथं लोक शी कुठं करायचे?” “इथंच.” “मग?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आई म्हणाली, “तुझ्या बाबाला मामाकडं परसाकडं जावं लागेल म्हणून दोन-दोन दिवस लागायची नाही.” माझ्याकडे उरलीसुरली जी काही मुळं होती ती इथं उपटली गेली.

वॉलनट हिलमध्ये पोचेपर्यंत मुलं पेंगुळली होती. लोहार, छापखाना, शाळा, सगळं मी दारातूनच बघितलं, कारण एक मूल खांद्यावर आणि एक कंबरेला. झाडू करणाऱ्याच्या दुकानात मात्र आई थबकली. तो माणूस लांब पिवळसर तुरे जुळवून तारेनं आवळत होता. आईनं एक काडी उचलली, बोटात फिरवली, दातांत धरली. “ज्वारी आहे ही.”

मला वाटलं, उन्हाचा परिणाम. पण खरंच, ते झाडू ज्याचे करतात ती ज्वारीचीच एक जात. दाण्याकडं दुर्लक्ष, तुरा तेवढा लांब. आई बराच वेळ ती काडी घेऊन उभी होती. “दादाला सांगते फोन करून. म्हणावं, इथं ज्वारीनं अंगण झाडतात.”

घरी आल्यावर थोरली चित्र काढत बसली. एका चौकोनात 1850: आजी, दोन बैल, दोघांना वशिंडं, आजीनं काढायला लावलेली. खाली ट्रॅक्टर, त्यावर धाकटा. आणि 1900 च्या चौकोनात मी एकटाच, हात लोंबकळत उभा, आजूबाजूला कागद कोरा.

“बाबाच्या शेतात काहीच नाही काढलंस?” मी विचारलं.

“काढणार नाहीये,” ती रंग न थांबवता म्हणाली. “तिथं मे महिना चालू आहे.”