संन्याशाला वॉटरमार्क

मंगळवारची गोष्ट आहे आणि राग अजून उतरलेला नाही. वार्षिक आढाव्याची मीटिंग, प्रोजेक्टरला माझा लॅपटॉप, पडद्यावर मी रात्र जागून केलेला आलेख. आणि अख्खी खोली आलेख सोडून पडद्याच्या उजव्या, खालच्या कोपऱ्याकडे बघतेय. तिथे फिकट राखाडी अक्षरांत उमटलं होतं की ही विंडोज सिस्टिम ॲक्टिव्हेट केलेली नाही, सेटिंग्जमध्ये जाऊन करून घ्या. लॅपटॉपवर ही अक्षरं नखाएवढी असतात. प्रोजेक्टरवर ती वीतभर होतात.

कोणी काही बोललं असतं तर मला खुलासा करता आला असता. सांगितलं असतं की बाबांनो, ही सिस्टिम रोख पैसे मोजून घेतलेली आहे. मध्यंतरी मदरबोर्ड गेला, दुरुस्तीवाल्याने तो बदलला, आणि मशीनसोबत आलेला परवाना मदरबोर्डाशी बांधलेला असतो, एवढं सांगायची तसदी त्याने घेतली नाही. पण कोणी विचारलंच नाही. एचआरच्या मॅडम वहीत बघून हसल्या, बस्स. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणारा माणूस आणखीच चोर दिसतो, म्हणून मी आलेख समजावत राहिलो.

मीटिंग संपल्यावर अकाउंट्सचे काका माझ्या टेबलापाशी आले. निवृत्तीला टेकलेले, चष्मा कपाळावर, शर्टाच्या खिशाला पेनाच्या जागी पेन ड्राइव्ह. इकडेतिकडे बघून त्यांनी खुर्ची ओढली आणि आवाज खाली आणला.

“अहो, एवढं होतं तर आधी सांगायचं ना.”

“एवढं म्हणजे काय?”

“आता माझ्यापासून काय लपवता? आपण दोघं एकाच वाटेचे.”

“काका, माझं ओरिजिनल आहे.”

“असू दे, असू दे,” काकांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. “क्रॅक कच्चा बसलाय तुमचा. कोणाकडून टाकून घेतलंत?”

क्रॅक म्हणजे परवान्याची तपासणी चुकवणारा चोरटा प्रोग्रॅम. हे मला जास्त लागलं. काकांना माझ्या चोरीबद्दल काहीच म्हणायचं नव्हतं. चोरी गबाळी झाली, एवढीच त्यांची हळहळ.

मी नको नको म्हणत असताना त्यांनी पेन ड्राइव्ह माझ्या लॅपटॉपला लावलासुद्धा. आत ‘नवीन फोल्डर’. त्याच्या आत ‘फायनल’. त्याच्या आत ‘फायनल खरं’. आणि तिथे एक फाइल, शेजारी ‘आधी वाचा’ नावाचा मजकूर. मी आधी वाचला. पहिली सूचना, अँटिव्हायरस बंद करा. दुसरी, इंटरनेट बंद करा. तिसरी, तरीही धोक्याचा इशारा आला तर घाबरू नका, तो खोटा असतो.

“काका, दार सताड उघडा, कुत्रं बांधून ठेवा आणि भुंकलं तर लक्ष देऊ नका, असं लिहिलंय हे.”

“इतकी वर्षं टाकतोय. काही झालं नाही.”

काही झालं नाही म्हणजे काय, ते मी पाहिलेलं आहे. काकांचा ब्राउझर उघडला की कुठल्याशा अगम्य लिपीतलं पान येतं. ते कंपनीने दिलेलं सौंदर्य आहे, असा त्यांचा समज आहे. त्यांच्या मशीनचा पंखा ते जागेवर नसतानाही जीव खाऊन फिरत असतो. मी एकदा म्हटलं, काका, तुमच्या मशीनवर दुसरंच कोणी काम करून घेत असेल, चोरून बिटकॉइनसारखी नाणी बिणी पाडत असेल. त्यावर ते अभिमानाने म्हणाले, “मशीन पॉवरफुल आहे.”

तर मग आलाच आहात म्हणून मी त्यांना विचारलं, सध्याचं दुरुस्त करत बसू की सरळ नवीन घेऊ? घेऊ म्हटल्यावर त्यांनी कानाला हात लावले, पण सल्ला दिला. त्यांच्या मते विंडोजचं एकाआड एक असतं. ९८ चांगलं, मिलेनियम गेलं. एक्सपी चांगलं, व्हिस्टा गेलं. सेव्हन चांगलं, एट गेलं. टेन चांगलं. “म्हणजे इलेव्हनचं तुम्हीच समजा.”

“आणि नाइन?”

काका थांबले. बोटांवर मोजलं. आठानंतर एकदम दहा. हिशेबाचा माणूस, हयातीत प्रथमच त्यांना हे दिसलं असावं.

“चोरीला गेलं असणार,” ते म्हणाले. अगदी गंभीरपणे.

हसायला ठीक आहे, पण काकांचा ठोकताळा हवेतला नाही. व्हिस्टा साध्या साध्या कामालाही ‘परवानगी आहे का?’ विचारत बसायचं. २०१२ साली आलेल्या एटमधून स्टार्ट बटणच काढलं, लोक खवळले, वर्षभरात ८.१ मध्ये ते परत बसवलं. २०१५ साली विंडोज बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्ट कंपनीचाच एक माणूस जाहीरपणे म्हणाला की टेन हे शेवटचं विंडोज. २०२१ मध्ये इलेव्हन आलं. त्यात ९५ पासून, एटचं ते वर्ष सोडलं तर, डाव्या कोपऱ्यात सुखाने नांदणारं स्टार्ट उचलून मधोमध आणलं, आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर नसेल तर तुमचं धडधाकट मशीन अपात्र ठरवलं. मग १४ ऑक्टोबर २०२५ रोजी टेनचा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, काढून घेतला. चालणारी वस्तू चालत असतानाच तिला जुनी म्हणायचं, याला धंद्यात काय म्हणतात कोण जाणे.

खरं सांगायचं तर मी कॉम्प्युटरवर जे करतो, म्हणजे पत्र लिहिणं, तक्ते भरणं, चार पानं उघडून त्यातली तीन उगाच वाचणं, त्यातलं एकही काम सेव्हननंतर सुधारलेलं नाही. हौस म्हणून नवीन सिस्टिम घ्यायचे दिवस गेले, आता भीतीने घेतो. आणि भीती खोटी नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस आला आणि जगभरातल्या मशीनवरच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागू लागला. तो ज्या भोकातून शिरला त्याचं ठिगळ, म्हणजे ते बुजवणारा अपडेट, मार्चमध्येच आलेलं होतं, ज्यांनी लावलं नव्हतं ते सापडले. एक्सपीचा आधार २०१४ साली बंद झालेला, तरी त्यासाठीही वेगळं ठिगळ काढायची वेळ आली. तेव्हा ठिगळं हवीत, याबद्दल वाद नाही. माझी तक्रार अशी की ठिगळ एकटं मिळत नाही. सोबत जाहिराती येतात, न मागितलेल्या बातम्यांचा पट्टा येतो, ऑनलाइन खातं उघडा म्हणून टुमणं लागतं.

“तुम्ही पैसे देता म्हणून ते हे करतात,” काका म्हणाले. “आणि बिल गेट्सला काय कमी आहे हो?”

मी म्हटलं, आज नसेल. पण १९७६ मध्ये, विशीतल्या या पोराने कॉम्प्युटरच्या हौशी लोकांना खुलं पत्र लिहिलं होतं. ऑल्टेअर नावाच्या मशीनसाठी त्याने आणि त्याच्या जोडीदारांनी बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा लिहिली, आणि लोक त्याची भोकं पाडलेली कागदी पट्टी एकमेकांना फुकट वाटायला लागले. ऑल्टेअरवाल्यांपैकी दहा टक्क्यांनीही ते विकत घेतलेलं नाही, आमच्या कष्टाचे तासाला दोन डॉलरही पडले नाहीत, हार्डवेअरचे पैसे देता मग सॉफ्टवेअरचे का नाही, असा त्याचा सूर होता.

काकांना हे ठाऊक नव्हतं. १९९८ चं मात्र पाठ होतं. चीनबद्दल बोलताना गेट्सच म्हणाला होता की लोक चोरणारच असतील तर त्यांनी आमचंच चोरावं, सवय लागली की पैसे कसे घ्यायचे ते पुढे बघू. “म्हणजे मी त्यांचं ऐकतोय,” काका म्हणाले.

आता याच काकांनी रजेच्या हिशेबाची एक एक्सेल शीट बनवलेली आहे. ती खालच्या मजल्यावरच्या एका पोराने न विचारता कॉपी केली, तर दोन महिने त्यांनी त्याच्याशी अबोला धरला होता. “मेहनत माझी, वापरणार हा.” आता त्या शीटला पासवर्ड आहे. १९७६ चं पत्र याहून फार वेगळं नव्हतं, पण हे मी काकांना म्हणालो नाही, कारण माझा पगार तेच काढतात.

माझ्या रागाचं मूळ मात्र काका नाहीत. चोरीवर पहारा बसवला की झडती नेमकी पैसे देणाऱ्याची होते. विकत घेतलेली डीव्हीडी लावा, चोरी हा गुन्हा आहे अशी पाटी संपूर्ण बघावी लागते, पुढे ढकलता येत नाही. चोरट्या कॉपीतून ती पाटी सहसा आधीच छाटलेली असते. ऑगस्ट २००७ मध्ये विंडोजची खरी-खोटी कॉपी ओळखणाऱ्या सर्व्हरवर कोणाच्या तरी चुकीने अर्धवट कोड चढला, आणि सुमारे १९ तास हजारो सरळमार्गी गिऱ्हाईक चोर ठरले. चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही यंत्राने दिलेली. आणि माझ्यापुरतं म्हणाल तर दुरुस्तीवाला म्हणतो विक्रेत्याला विचारा, विक्रेता म्हणतो बोर्ड ज्याने बदलला त्याला विचारा. दोघांनाही फोन मीच करतो, आणि दोन्हीकडे आधी ‘तुमची कॉपी जेन्युइन आहे ना?’ हा प्रश्न असतो.

शेवटी मी कपाटातून बिल काढून काकांसमोर ठेवलं. चष्मा कपाळावरून नाकावर आला. त्यांनी रक्कम वाचली, तारीख वाचली, करासकट बेरीज मनात पडताळून पाहिली.

“हे तुम्ही दिलेत? खिशातून?”

“हो.”

“अहो, इकडे या रे सगळे!”

सगळे आले. बिल हातोहात फिरलं. मघाशी वहीत बघून हसलेल्या मॅडम आता उघड हसल्या. पाच मिनिटांपूर्वी मी खोलीतला चोर होतो, तेव्हा निदान थोडा वट होता.

गर्दी पांगल्यावर काका उठले, पेन ड्राइव्हकडे बोट दाखवलं. “राहू दे तुमच्याकडे, रात्री निवांत टाका. पण आठवणीने परत करा हं. गेल्या वेळी एकाने ढापला. हा ओरिजिनल आहे, बिल जपून ठेवलंय मी.”