ऑफिसातल्या बायकांचा खंदा पाठीराखा व्हायचंय? मग हे कराच

सगळ्यात आधी ८ मार्चला जांभळा शर्ट घाला. नसेल तर ७ ला संध्याकाळी लक्ष्मी रोडवरून घेऊन या, पैसे गेले तरी चालतील, वर्षभराचं काम एका दिवसात उरकतं. डेस्कवर गुलाब ठेवत फिरा, सेल्फी काढा आणि लिंक्डइनवर "माझ्या टीममधल्या वाघिणी" म्हणून टाका, वाघिणींना विचारत बसू नका. केक मात्र त्यांनाच कापायला नि वाटायला लावा, आपल्याच्याने तो वेडावाकडा कापला जातो ना.

मीटिंगमधे तर तुमच्यावाचून अडतंच. ती बोलायला लागली की तिसऱ्या वाक्याला "थांबा, हिला काय म्हणायचंय ते मी सांगतो" म्हणून तेच पुन्हा सांगा, फक्त जरा मोठ्या आवाजात. साहेब "गुड पॉइंट" म्हणाले की तिला लांबूनच अंगठा दाखवा. मिनिट्स तीच लिहील, अक्षर छान आहे तिचं (टाईप करायचे असतात, पण असो).

बाळंतपणाच्या रजेचे नियम पाठच करा. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांना २६ आठवडे पगारी रजा मिळते, म्हणजे ती परत आली की "काय मग, सहा महिने मस्त आराम झाला!" असं हिशोबासकट म्हणता येतं. ५० माणसांपासून पुढे पाळणाघराची सोय करावी लागते हे मात्र कुठे बोलू नका, त्या खोलीत सध्या टेबल टेनिस चालतं आणि तुम्ही सेमीफायनलला आहात.

खरी कसोटी पुढेच. तिने हळूच सांगितलं की अमुक सर रात्री अकराला "झोपलीस का" असे मेसेज करतात, तर शांतपणे ऐका, डोळे ओले करा आणि म्हणा "मी तुझ्या पाठीशी आहे". पाठीशीच हं, पुढे यायचं नाही. २०१३ च्या कायद्याने १० माणसांच्या ऑफिसातही तक्रार समिती लागते, तुमच्याकडे पँट्रीत तसं पोस्टर आहेच, त्यावरच्या अध्यक्षबाई दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून कॅनडाला गेल्या एवढंच. तक्रार तीन महिन्यांत लेखी द्यावी लागते, म्हणून तुम्ही मोठ्या भावाच्या मायेने सांगायचं, "आत्ता अप्रेझल तोंडावर आलंय, जरा चार महिने दम धर."

तरीही तिने तक्रार दिलीच आणि साक्षीदार म्हणून तुमचं नाव टाकलं, तर गावी सत्यनारायण काढा. त्याला मुहूर्त लागत नाही.