खुलासा: 'फोटो जुळवा, रोग ओळखा' या मेसेजबद्दल

कोल्हापुरातल्या तालमींच्या आणि गल्लीतल्या ग्रुपवर सध्या एक तक्ता फिरतोय. गोल चट्टा म्हणजे गजकर्ण, पांढरा डाग म्हणजे कोड. फोटो जुळवा आणि मेडिकलमधून ट्यूब आणा. हे अर्धसत्य आहे.

त्वचारोगतज्ज्ञ बघूनच बरंच ओळखतात, हे खरं. पण नजर तयार होते ती एकच रोग वेगवेगळ्या अंगांवर शेकडो वेळा पाहून. परदेशी पुस्तकात लालभडक दिसणारा चट्टा आपल्या सावळ्या कातडीवर तपकिरी, जांभळट, कधी नुसता काळपट दिसतो. तक्त्यातले फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचेच आहेत!

गोल चट्टा इसबाचाही असतो. गजकर्णाची कड उठावदार आणि मध्य त्यामानाने साफ असतो. तरी शंका आली तर कडेचा कोंडा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइड या रसायनाच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली गजकर्णाची बुरशी बघतात. त्यात स्टेरॉइडची ट्यूब आधीच चोळलेली असली की खाज थांबते, बुरशी मात्र पसरते आणि कड पुसट होते. मग जाणकारही फसतो. लाल मातीत अंगाला अंग घासणाऱ्या पोरांनी तर ही ट्यूब एकमेकांना देऊच नये.

पांढऱ्या डागाचं म्हणाल, तर शिबं, कोड, कुष्ठरोग यांपैकी काहीही असू शकतं. कुष्ठरोगाच्या फिकट डागावर बहुधा स्पर्श कळत नाही. ते फोटोत कसं दिसणार? कापसाची वात टेकवून बघावं लागतं. असा बधिर डाग असेल तर सरकारी दवाखान्यात जा. औषध मोफत मिळतं.