अर्धाच प्रयोग फॉरवर्ड करणाऱ्यांसाठी

हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवलेल्या आमच्या आत्याने अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी परस्पर बंद केली. का, तर मोबाइल पुढे केला. सोलापुरात ग्रुपाग्रुपांवर फिरतोय तोच मेसेज: 'कोलेस्टेरॉलच्या रोजच्या गोळीने हृदयाचं नैसर्गिक कवच मरतं, परदेशात सिद्ध झालंय. आजच बंद करा. अटॅक आला की चार गोळ्या एकदम घ्या. एरवी लसूण घातलेली शेंगाचटणी पुरे.'

चटणीचं आधी उरकतो. कडक भाकरीबरोबर खुशाल खा. स्टेंटवाल्याला ती गोळीच्या जागी चालत नाही.

'सिद्ध झालंय' यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य. बंद पडलेली रक्तवाहिनी उघडली की परतणाऱ्या रक्तानेच आणखी काही पेशी मरतात. ही इजा अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनने कमी होते का, हे लंडनच्या संशोधकांनी उंदरांच्या हृदयावर तपासलं. २००५ साली छापून आलं. एक ते तीन दिवस गोळी दिली तर संरक्षण मिळालं, आठवडा-दोन आठवडे दिल्यावर ते ओसरलं.

मेसेज इथेच थांबतो. पुढचं वाचायला कुणाला वेळ आहे! ओसरलं म्हणजे नुकसान गोळी न दिलेल्या उंदरांइतकं झालं, जास्त नाही. शिवाय रोजच्या गोळीवर ऐनवेळी मोठा डोस दिला, तर संरक्षण परत आलं. यातून 'गोळी बंद करा' कुठून निघालं? बोनस थांबला म्हणून कुणी पगार सोडतं का? गोळीचा पगार म्हणजे मुळात अटॅक टाळणं. १९९४ च्या स्कँडिनेव्हियन चाचणीत ४,४४४ हृदयरुग्णांमध्ये सिम्व्हास्टॅटिनने (त्याच स्टॅटिन गटातली गोळी) मृत्यू ३० टक्क्यांनी घटले. उलट छातीत दुखून दाखल झालेल्यांची गोळी थांबवली, तेव्हा मृत्यू किंवा अटॅकचा धोका गोळी चालू ठेवलेल्यांच्या जवळपास तिप्पट दिसला. हा अभ्यास २००२ चा.

सगळ्यात संताप येतो तो त्या चार गोळ्यांचा. ब्राझीलमध्ये ४,१९१ रुग्णांवर हॉस्पिटलातच मोठा डोस देऊन पाहिला. २०१८ च्या निकालात एकूण रुग्णांत ठोस फरक नाही. अँजिओप्लास्टी (फुग्याने रक्तवाहिनी उघडणं) झालेल्यांत थोडा फायदा दिसला, इतकंच. आणि इथे आत्या रात्री दोन वाजता छाती धरून चष्मा शोधणार, मग गोळ्यांचं पाकीट? स्टॅटिनने रक्तवाहिनी अडवणारी गुठळी विरघळत नाही. १०८ ला फोन करायचा आणि निघायचं. डोसाचं तिथले डॉक्टर बघतील.

खोदून विचारल्यावर कळलं, आत्याच्या पिंढऱ्या दुखत होत्या आणि मेसेज आयताच मिळाला. दुखणं डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. रक्त तपासून डोस कमी करता येतो, गोळी बदलताही येते. सोमवारची अपॉइंटमेंट घेतली आहे.