रामचंद्रन यांनी ‘भाराभर चिंध्या’ केल्या नाहीत

जैवभौतिकशास्त्रज्ञ जी. एन. रामचंद्रन यांच्याबद्दलचा एक दावा पुन्हा पुन्हा फिरतो: स्फटिक, कोलॅजेन (त्वचा-हाडांतलं प्रथिन), इतर प्रथिनं, सीटी स्कॅन, तर्कशास्त्र, सगळीकडे हात घातला, एकाच विषयात राहिले असते तर नोबेल ठरलेलं होतं, आणि सीटी स्कॅनचं त्यांचं नोबेल तर इतरांनी पळवलंच. हे वाचून मला खरोखर वाईट वाटतं.

आधी ‘चिंध्यां’चं बघू. 1954 मध्ये मद्रास विद्यापीठात त्यांनी आणि गोपीनाथ कार्था यांनी कोलॅजेनची रचना मांडली: एकत्र बांधलेल्या तीन पिळदार साखळ्या. साखळ्यांच्या मधे जागा इतकी थोडी, की दर तिसऱ्या ठिकाणी ग्लायसीन हे सगळ्यात छोटं अमिनो आम्लच मावतं. 1955 मध्ये या साखळ्या एकमेकींभोवतीही पीळ घेतात अशी त्यांची सुधारित रचना आल्यावर फ्रान्सिस क्रिक आणि अलेक्झांडर रिच या शास्त्रज्ञांचा आक्षेप आला, यात काही अणू फारच जवळ आलेत. मग अणू जवळ येऊ शकतात तरी किती? रामचंद्रन यांनी तोवर छापलेल्या स्फटिकरचना चाळून ती अंतरं काढली. त्यातूनच 1963 मध्ये, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांच्या साथीनं, ‘रामचंद्रन आलेख’ आला. प्रथिनाच्या साखळीतला प्रत्येक दुवा किती वळलाय हे सांगणारे फाय आणि साय हे दोन कोन दोन अक्षांवर मांडायचे. जिथे अणू एकमेकांवर आदळतात तो भाग बाद. आलेखाच्या चौकोनाचा बराच मोठा भाग असा बाद होतो. नवी प्रथिनरचना आजही यावर तपासली जाते. हा वेगळा विषय कुठे होता? ते कोलॅजेनवरच्या आक्षेपाला दिलेलं उत्तर होतं.

सीटी स्कॅनचंही तसंच. मोजलेल्या आकड्यांवरून न दिसणारी रचना उभी करणं हे स्फटिकशास्त्रज्ञाचं रोजचंच काम. 1971 मध्ये त्यांनी लक्ष्मीनारायणन यांच्यासह क्ष-किरण चित्रांवरून आतली रचना उभी करण्याची, फूरिये रूपांतर (माहिती लहरींमध्ये मोडणारं गणित) टाळणारी वेगवान रीत दिली. ‘राम-लॅक फिल्टर’ हे नाव त्यावरूनच पडलं. पण नोबेल पळवलं हे खोटं आहे. ते मिळालं कॉर्मॅक आणि हाउन्सफील्ड यांना. कॉर्मॅक यांचं गणित 1963-64 चं, आणि हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिला रुग्ण 1971 मध्येच तपासला गेला. शिवाय रेडिओ खगोलशास्त्रात ब्रेसवेल आणि रिडल यांनी 1967 मध्ये मिळतीजुळती रीत मांडली होती. रामचंद्रन यांना उसन्या श्रेयाची गरजच नाही.

तर्कशास्त्रातल्या कामाचा तेवढा ठसा उमटला नाही, हे खरं. पण ते काम उतारवयातलं. तोवर बाकी सगळं करून झालं होतं, त्यामुळे त्यापायी काही हुकलं असं म्हणता येत नाही.

1999 मध्ये स्फटिकशास्त्रज्ञांनी त्यांना एवाल्ड पुरस्कार दिला, तेव्हा क्ष-किरणांच्या विखुरण्यावरचं काम, कोलॅजेन आणि आलेख या तिन्हींचा गौरव एकत्रच केला.